ऑस्ट्रिया-हंगेरी कशानं मोडलं: भाषांमुळे की १८६७ च्या करारामुळे?

प्रश्न असा आहे: ‘ऑस्ट्रिया-हंगेरी हे दहा-अकरा भाषा बोलणाऱ्यांचं कडबोळं होतं, राष्ट्रवादाच्या काळात ते टिकणं शक्यच नव्हतं, असं आमच्या पुस्तकात दिलंय. मग ते पन्नास वर्षं टिकलं कसं? आणि शेवटी मोडलं ते नेमकं कशानं?’

युरोपचा इतिहास शिकवताना हा प्रश्न जवळपास प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याला पुस्तकातल्या वाक्यातली गोम सापडलेली असते. ‘टिकणं शक्यच नव्हतं’ हे निकाल लागल्यावर लिहिलेलं वाक्य आहे. १९०० साली व्हिएन्नात किंवा प्रागमध्ये राहणाऱ्या माणसाला, अगदी सरकारवर जळणाऱ्यालासुद्धा, हे राज्य आपल्या हयातीत नकाशावरून पुसलं जाईल असं सहसा वाटत नव्हतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग तपशिलात जाऊ. भाषा पुष्कळ होत्या ही अडचण खरी, पण तिच्यावर तोडगे निघत होते. खरी पाचर वेगळीच होती. हे राज्य ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोघांच्या १८६७ च्या करारावर उभं होतं. त्यात तिसऱ्याला जागा करून द्यायची म्हटली की दोघांपैकी एकाची, म्हणजे हंगेरीच्या जमीनदार-सरदार वर्गाची, संमती लागायची. ती कधी मिळाली नाही. त्यामुळे दुरुस्ती तुंबत गेली, मग महायुद्ध आलं, आणि युद्धात पीठ संपलं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तिथली क्रोनची नोट बघा, जालावर चित्रं सहज मिळतात. एका बाजूला जर्मन मजकूर, आणि तीच किंमत आणखी आठ भाषांत: चेक, पोलिश, क्रोएशियन, स्लोव्हेन, सर्बियन, इटालियन, युक्रेनियन, रोमानियन. आपल्या नोटेवर भाषांची पट्टी असते, तशीच. आता दुसरी बाजू बघा. तिथं फक्त हंगेरियन. हंगेरीच्या हद्दीत रोमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब, रुथेनियन (म्हणजे युक्रेनियनच), क्रोएशियन मिळून निम्मी प्रजा होती, पण त्या बाजूवर त्यांच्या भाषेचं अक्षर नाही. स्लोव्हाक तर दोन्ही बाजूंना नाही. नोट एकच, बँक एकच, पण तिच्या दोन अंगांवर राज्य करण्याच्या दोन वेगळ्या रीती छापलेल्या आहेत.

उभारणीचा जुना भाग मी झटपट उरकतो. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यानं लढाईपेक्षा सोयरिकीनं राज्य वाढवलं असं म्हणतात, ते बरंचसं खरं आहे. १५१५ साली व्हिएन्नात त्यांनी हंगेरी-बोहेमियाच्या (बोहेमिया म्हणजे प्रागच्या भोवतालचा चेक मुलूख) राजघराण्याशी चक्क साटंलोटं केलं. फर्डिनांडला तिकडची अ‍ॅना, आणि अ‍ॅनाचा भाऊ लुई याला फर्डिनांडची बहीण मेरी. १५२६ मध्ये मोहाचच्या रणांगणावर तुर्कांनी हंगेरीचा धुव्वा उडवला, पळताना तरुण लुई बुडून मेला. मूलबाळ नव्हतं. बोहेमिया आणि हंगेरी या दोन्ही मुकुटांवर मेव्हण्यानं हक्क सांगितला. हंगेरीचा मोठा भाग पुढं दीडशे वर्षं तुर्कांच्या ताब्यात राहिला, तो सतराव्या शतकाच्या अखेरीस सुटला.

यातली एक गोष्ट मात्र विसरू नका. मुकुट एका डोक्यावर आले, राज्यं एक झाली नाहीत. प्रत्येक ठिकाणी वेगळी सभा, वेगळे कायदे, वेगळी शपथ. हंगेरीचे सरदार शेवटपर्यंत एकच गोष्ट धरून बसले: आमचा राजा वेगळा, तो योगायोगानं व्हिएन्नाचा सम्राटही आहे, एवढंच.

१८४८ च्या क्रांतिवर्षात हे भांडण उघड्यावर आलं. डिसेंबरात अठरा वर्षांचा फ्रान्झ योझेफ गादीवर बसला. पुढच्या एप्रिलमध्ये लायोश कोशुतच्या पुढाकारानं हंगेरीनं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ते मोडायला शेवटी रशियाच्या झारचं सैन्य बोलवावं लागलं. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराडमध्ये तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. त्याच दिवशी हंगेरीचा माजी पंतप्रधान लायोश बात्यानी यालाही पेस्टमध्ये गोळ्या घातल्या. ज्युला आंद्राशी नावाचा एक तरुण उमराव देशाबाहेर निसटला होता. त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली आणि १८५१ मध्ये ती नुसत्या नावावर बजावण्यात आली. हे नाव लक्षात ठेवा.

पुढची दहा वर्षं व्हिएन्नातून सगळीकडे एकछत्री कारभार करून पाहिला. तो पैशांच्या चणचणीनं आणि पराभवांनी संपवला. १८५९ मध्ये सोल्फेरिनो हरले, लोंबार्डी गेली. ३ जुलै १८६६ रोजी केनिगग्रेत्सला प्रशियानं हरवलं, व्हेनिस गेलं आणि जर्मनीतलं स्थानही गेलं. आता घरातलं भांडण मिटवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हंगेरीच्या बाजूनं फेरेन्त्स देआक हा शांत डोक्याचा वकील होता. त्यानं १८६५ च्या ईस्टरला वर्तमानपत्रात लेख लिहून तडजोडीची वाट आधीच दाखवली होती, आणि व्हिएन्ना आडवी पडलेली असतानाही त्यानं मागणी वाढवली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तहात किती ताणायचं हे कळणारी माणसं इतिहासात कमीच भेटतात.

८ जून १८६७ रोजी बुडामध्ये फ्रान्झ योझेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला. सगळ्या जिल्ह्यांतून आणलेल्या मातीची टेकडी रचली होती. तिच्यावर घोडा नेऊन राजानं चारी दिशांना तलवार रोखली. मुकुट ठेवणाऱ्या दोन हातांपैकी एक हात आर्चबिशपचा आणि दुसरा हंगेरीच्या नव्या पंतप्रधानाचा. हा पंतप्रधान म्हणजे तोच आंद्राशी, ज्याला याच राजाच्या कारकिर्दीत नावापुरतं का होईना फासावर चढवलं होतं.

आता करार काय होता ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिथंच आहे. परराष्ट्र, युद्ध आणि या दोन्हींच्या खर्चापुरतं अर्थखातं, ही तीनच मंत्रालयं सामायिक. बाकी सगळं वेगळं: दोन संसदा, दोन पंतप्रधान, दोन नागरिकत्वं. सामायिक खर्च सुरुवातीला ७० टक्के ऑस्ट्रियानं आणि ३० टक्के हंगेरीनं द्यायचा, आणि हा वाटा व जकात-व्यापाराचा करार दर दहा वर्षांनी नव्यानं ठरवायचा. सामायिक संसद नाही. दोन्हीकडून साठ-साठ जणांची शिष्टमंडळं यायची, एक वर्ष व्हिएन्नात, एक वर्ष बुडापेस्टात. ती एकत्र बसायची नाहीत, एकमेकांना पत्रं लिहायची. तीनदा पत्रापत्री होऊनही जमलं नाही तर एकत्र बसायचं, पण तेव्हा चर्चा करायची नाही, फक्त मत द्यायचं. गंमत वाटेल, पण यामागं विचार होता. दोन्ही मिळून एक संसद आहे असं कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी हंगेरीनं ही काळजी घेतली होती. पश्चिमेकडच्या अर्ध्याला तर धड नावही नव्हतं. कागदोपत्री तो भाग म्हणजे ‘राइशस्राटमध्ये प्रतिनिधी असलेली राज्यं आणि प्रांत’. राइशस्राट म्हणजे व्हिएन्नाची संसद.

याची दुसरी बाजू अशी की व्यवस्था चालली. जकातीची भिंत नसलेली पाच कोटींची बाजारपेठ मिळाली. १९१० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ कोटी १० लाखांच्या वर होती. बोहेमियाची साखर, प्ल्झेनचा श्कोडाचा कारखाना, गॅलिशियातलं (आजच्या पोलंड-युक्रेनमधला प्रांत) तेल, बुडापेस्टच्या पिठाच्या गिरण्या, सगळं एका रेल्वेजाळ्यात आलं. १८९६ मध्ये बुडापेस्टात भुयारी रेल्वे धावली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. त्रिएस्ते बंदरातून ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी थेट आपल्या मुंबईला यायच्या. ज्याच्या खुनानं महायुद्ध पेटलं तो फ्रान्झ फर्डिनांड १८९३ च्या जानेवारीत जगप्रवासात मुंबईला उतरला होता, हे जाता जाता.

सैन्यातली भाषेची सोय तर मी वर्गात मुद्दाम सांगतो. हुकमाची भाषा जर्मन, पण ती सुमारे ऐंशी शब्दांची: थांबा, चला, नेम धरा, असली. बाकी शिकवणी, विचारपूस, समजावणं हे सगळं पलटणीच्या भाषेत. पलटणीत एका भाषेचं प्रमाण पुरेसं असलं की ती पलटणीची अधिकृत भाषा व्हायची, कित्येक पलटणींत अशा दोन-दोन, तीन-तीन भाषा असत, आणि अधिकाऱ्याला त्या ठराविक मुदतीत शिकाव्या लागत. हे सैन्य १९१४ ते १९१८ लढलं, आणि शेवटचे काही आठवडे सोडले तर बहुतांश पलटणी जागा धरून होत्या. भाषेमुळे विस्कटणारं राज्य असतं तर पहिल्या हिवाळ्यातच विस्कटलं असतं.

मग दुखणं कुठं होतं? १८६७ च्या करारात दोन जण खूश होते, हंगेरियन आणि काही अंशी जर्मन. इतरांना कुणी विचारलंच नव्हतं. चेक इतिहासकार फ्रान्तिशेक पालात्स्की यानं १८४८ मध्ये म्हटलं होतं की ऑस्ट्रिया नसता तर तो निर्माण करावा लागला असता. द्वैताची, म्हणजे या दोघांच्याच राज्याची, चिन्हं दिसू लागताच तोच माणूस म्हणू लागला की आम्ही ऑस्ट्रियाच्या आधी होतो, नंतरही असू. एका पिढीचा निष्ठावान माणूस असा हातचा गेला.

ही चूक सुधारायची पहिली संधी लगेच आली होती, १८७१ मध्ये. व्हिएन्नाचा पंतप्रधान होहेनवार्ट यानं चेकांशी बोलणी करून अठरा कलमांचा मसुदा जमवला. बोहेमियाला हंगेरीइतकं नाही, पण त्या वाटेनं जाणारं स्थान मिळणार होतं. सप्टेंबरात खुद्द सम्राटानं लेखी कळवलं की मी बोहेमियाचा राजा म्हणून राज्याभिषेक करून घ्यायला तयार आहे. ऑक्टोबरात सगळं फिसकटलं. जर्मन उदारमतवादी खवळलेच होते, पण निर्णायक घाव बुडापेस्टहून आला. करारात बदल झाला तर हंगेरीचं स्थान पातळ होईल, आणि आज चेकांना दिलं ते उद्या आमचे स्लाव मागतील, असं आंद्राशीनं राजाला बजावलं. होहेनवार्ट गेला, आंद्राशी सामायिक परराष्ट्रमंत्री झाला. हा राज्याभिषेक पुढं कधीच झाला नाही. माझ्या मते १९१८ ची बीजं शोधायची तर १९१४ च्या सारायेव्होइतकंच १८७१ च्या या ऑक्टोबराकडे पाहावं लागतं. परीक्षेच्या उत्तरात मात्र हे साल क्वचितच दिसतं.

दुसरा प्रसंग १८९७ चा. त्याची हकिगत मजेदार आहे, पण तिच्यामागची साखळी पाहा. दर दहा वर्षांच्या कराराचं नूतनीकरण आलं होतं. व्हिएन्नाचा पंतप्रधान काझिमीर बादेनी हा गॅलिशियातला पोलिश उमराव. त्याला नूतनीकरणासाठी संसदेत मतं हवी होती, ती चेकांकडे होती. म्हणून एप्रिलमध्ये त्यानं हुकूम काढला की बोहेमिया-मोराव्हियातल्या सरकारी नोकरांना १९०१ पर्यंत चेक आणि जर्मन दोन्ही भाषा यायला हव्यात. वरवर समान वाटणारा नियम. पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन यायचंच. चेक शिकायची वेळ जर्मन कारकुनावर आली होती, म्हणजे नोकऱ्या कुणाच्या जाणार हे उघड होतं. संसदेत बाकं बडवली, शाईच्या दौती फेकल्या, शिट्ट्या-भोंगे वाजले. ऑक्टोबरच्या एका रात्री ओटो लेखर हा सदस्य सलग बारा तास बोलला, तेही विषयाला धरून, कारण विषयच होता हंगेरीशी असलेला करार. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन तेव्हा व्हिएन्नात मुक्कामाला होता आणि प्रेक्षकांच्या सज्जातून हा तमाशा पाहत होता. त्याआधी बादेनीनं एका जर्मन राष्ट्रवादी सदस्याशी पिस्तुलांचं द्वंद्वही खेळून झालं होतं, हाताला गोळी लागली. नोव्हेंबरात सभागृहात पोलीस घुसवावे लागले, रस्त्यावर दंगली झाल्या आणि सम्राटानं बादेनीला घरी पाठवलं. दोन वर्षांत हुकूमही मागं घेतला, मग प्रागमध्ये चेकांनी दंगली केल्या.

आता उलट्या क्रमानं वाचा: प्रागमधल्या टपाल कचेरीतल्या कारकुनाची भाषा हा प्रश्न पेटला तो बुडापेस्टशी असलेल्या दहा वर्षांच्या करारामुळे. असली गाठ ज्या घडीत असते तिथं कुठलाही साधा प्रश्न साधा राहत नाही. १८९५ मध्ये तर त्सिली या छोट्या गावातल्या जर्मन शाळेत स्लोव्हेन वर्ग काढायचे की नाही यावरून व्हिएन्नाचं मंत्रिमंडळ कोसळलं होतं.

पश्चिमेकडच्या अर्ध्यानं तरी वाटा शोधल्या. १९०५ मध्ये मोराव्हियात तडजोड झाली: मतदारयाद्याच वेगळ्या, चेक मतदारानं चेक उमेदवाराला मत द्यायचं, जर्मनानं जर्मनाला, म्हणजे निवडणुकीत एकमेकांशी झुंजच नको. १९१० मध्ये बुकोव्हिनात असाच तोडगा निघाला, १९१४ च्या सुरुवातीला गॅलिशियात. १९०७ पासून राइशस्राटच्या निवडणुकीत सगळ्या प्रौढ पुरुषांना मतदान होतं. मी या तोडग्यांचा आंधळा भक्त नाही. मोराव्हियात पोराला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवताना अधिकारी येऊन त्याला भाषा येते का तपासायचे. घरात दोन्ही भाषा बोलणाऱ्या, शनिवारच्या बाजारात तिसरीच बोलणाऱ्या कुटुंबाला एका यादीत जाऊन उभं राहावं लागलं. जनगणनेतही बोलीभाषेच्या रकान्यात एकच भाषा लिहायची, आणि यिडिश तर निवडायचीच सोय नव्हती. भांडण मिटवता मिटवता माणसांचे कप्पे पक्के झाले. पण माणसं मरत नव्हती, सभा चालत होत्या, आणि पुढची तडजोड करायला लोक टेबलाशी येत होते.

हंगेरीत हा प्रयोगच झाला नाही. १८६८ चा अल्पसंख्याकांचा कायदा कागदावर बरा होता, पण अंमल झाला तो मॅग्यारीकरणाचा, म्हणजे सगळ्यांना मॅग्यार (हंगेरियन भाषिक) करण्याचा. लोकसंख्येच्या सुमारे ६ टक्के लोकांनाच मत होतं. क्रोएशिया धरला तर १९१० मध्ये मॅग्यार निम्म्याहूनही कमी, पण संसद जवळपास पूर्ण त्यांची. १९०७ च्या अपोन्यी कायद्यानं इतर भाषांच्या शाळांवर हंगेरियनची सक्ती घट्ट केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात चेर्नोवा या स्लोव्हाक गावात नव्या चर्चच्या अभिषेकावरून जमाव आणि पोलीस आमनेसामने आले, गोळीबारात पंधरा जण मेले. लोकांना आपला पाद्री, आंद्रेय ह्लिन्का, हवा होता. सरकारनं दुसरेच पाद्री पाठवले होते.

राजाला हे कळत नव्हतं असं नाही. १९०५ मध्ये हंगेरीतल्या विरोधकांनी निवडणूक जिंकून सैन्यात हंगेरियन हुकमाची भाषा मागितली, तेव्हा त्याच्या माणसांनी प्रौढ मतदानाची नुसती धमकी दिली. फेब्रुवारी १९०६ मध्ये सैनिक आणून संसद रिकामी केली. विरोधक वरमले, आणि राजानं मतदानाचा विषय सोडून दिला. सैन्याची भाषा वाचली, मताधिकार बारगळला. फ्रान्झ योझेफबद्दल हळवेपणानं लिहिणारे पुष्कळ आहेत: मेक्सिकोत गोळ्या घातलेला भाऊ, मायरलिंगला मेलेला मुलगा, जिनीव्हात खून झालेली राणी. दुःखं खरी आहेत. पण राज्यकर्ता म्हणून त्याचा निवाडा करायचा तर १९०६ च्या या माघारीवर करावा असं मला वाटतं. चाल हातात होती, आणि त्यानं ती सौद्यात विकली.

बोस्नियाचं उदाहरण एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. १८७८ मध्ये तो प्रांत ताब्यात आला, पण तो दोघांपैकी कुणाचा यावर एकमत होईना, म्हणून तो सामायिक अर्थमंत्र्याच्या हाताखाली दिला आणि १९०८ मध्ये खालसा केल्यावरही तिथंच राहिला.

आणि सारायेव्हो. तिथं मारला गेलेला युवराज फ्रान्झ फर्डिनांड हा द्वैताचा सर्वांत मोठा शत्रू होता. गादीवर आल्यावर हंगेरीला वेसण घालायची योजना त्याच्या कचेरीत तयार होत होती, आणि सर्बियाशी युद्ध नको असं तो वारंवार सांगत होता. युद्धाच्या निर्णयाला सुरुवातीला विरोध केला तो हंगेरीचा पंतप्रधान इश्त्वान तिसा यानं. त्यात शांतताप्रेम नव्हतं, आणखी स्लाव प्रजा नको एवढाच हिशेब होता. सर्बियाचा मोठा लचका तोडायचा नाही या अटीवर तो आठवड्याभरात राजी झाला. व्हिएन्नाची संसद मार्चपासूनच बंद होती, त्यामुळे तिथं युद्धावर चर्चा झालीच नाही.

लढाईचा तपशील देत नाही. गॅलिशिया गेला, प्शेमिस्लचा किल्ला मार्च १९१५ मध्ये एक लाखाहून अधिक सैनिकांसह पडला, आणि अनेक भाषा जाणणारा जुना अधिकारीवर्ग पहिल्याच वर्षात कापला गेला. यापुढं जर्मनीच्या कुबडीशिवाय चालता येईना. पण राज्य खचलं ते मागच्या बाजूला. गॅलिशिया हे पश्चिमेकडच्या अर्ध्याचं धान्याचं कोठार, ते रणभूमी झालं. समुद्र ब्रिटिशांनी अडवला. उरलं हंगेरीचं धान्य, आणि हंगेरीनं स्वतःचं पोट आणि सैन्य यापलीकडे हात आखडता घेतला. एकाच राजाच्या राज्यात, दोन अर्ध्यांच्या सीमेवरच्या लाइथा नदीच्या अलीकडे-पलीकडे, भाकरीची दोन वेगळी जगं झाली. जानेवारी १९१८ मध्ये व्हिएन्नात पिठाचं माणशी रेशन दिवसाला २०० ग्रॅमवरून १६५ ग्रॅमवर आणलं, आणि व्हीनर नॉयश्टाटच्या कारखान्यातून निघालेला संप काही दिवसांत लाखोंचा झाला. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणती भाषा येते यानं काही फरक पडत नव्हता. रांग पुढं सरकत नाही याचं खापर कुणावर फोडायचं, तिथं भाषा कामाला आली: चेक म्हणत जर्मनांनी पळवलं, जर्मन म्हणत चेकांनी दडवलं, आणि दोघं मिळून हंगेरीला शिव्या देत.

नवा सम्राट कार्ल याला बदल करायचा होता. पण फ्रान्झ योझेफच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांच्या आतच, ३० डिसेंबर १९१६ ला, तिसानं त्याचा बुडापेस्टात राज्याभिषेक उरकून घेतला. शपथेत हंगेरीच्या भूमीला हात लावणार नाही हे आलं. कार्ल तिथंच बांधला गेला. मित्रराष्ट्रांचा डावही आधीपासून हे राज्य फोडण्याचा नव्हता. अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन याच्या जानेवारी १९१८ च्या चौदा मुद्द्यांत इथल्या लोकांना स्वायत्तता एवढीच मागणी होती. कार्लच्या गुप्त शांतता-बोलण्यांचा एप्रिलमध्ये गौप्यस्फोट झाला, तो जर्मनीला आणखी चिकटला, आणि मगच चेकोस्लोव्हाक राष्ट्रीय परिषदेला एकामागून एक मान्यता मिळाल्या: जूनअखेर फ्रान्स, ऑगस्टमध्ये ब्रिटन, सप्टेंबरात अमेरिका.

१६ ऑक्टोबर १९१८ ला कार्लनं जाहीरनामा काढला: ऑस्ट्रिया हे राष्ट्रांचं संघराज्य होईल. पण हंगेरी वगळून. हंगेरीचा पंतप्रधान वेकर्ले यानं धान्य तोडण्याची धमकी दिली होती. म्हणजे चेकांना संघराज्य, पण स्लोव्हाक हंगेरीतच. स्लोव्हेनांना संघराज्य, पण क्रोएशियन हंगेरीच्या मुकुटाखाली. अगदी शेवटच्या घटकेलाही तेच कुलूप, जे १८७१ मध्ये होतं. या कागदाचा उपयोग एकच झाला: ठिकठिकाणच्या राष्ट्रीय समित्यांना आपण कायदेशीर आहोत असं म्हणता आलं.

शेवट दोन आठवड्यांत उरकला. २७ ऑक्टोबरला सामायिक परराष्ट्रमंत्र्यानं विल्सनला वेगळ्या तहाची विनंती केली, चेक आणि दक्षिण स्लाव (स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्ब) यांचे हक्क मान्य केले. हा मंत्री कोण? धाकटा ज्युला आंद्राशी, त्या मुकुट ठेवणाऱ्या आंद्राशीचा मुलगा. १८७९ मध्ये बापानं जर्मनीशी केलेली युती मुलानं त्या पत्रानं मोडली. २८ तारखेला सकाळी प्रागमध्ये चेक राष्ट्रीय समितीची माणसं, श्वेहला आणि सोउकुप, सत्ता घ्यायला निघाली ती आधी गेली युद्धकालीन धान्य कचेरीत. तिथल्या कर्मचाऱ्यांकडून नव्या राज्याची शपथ घेतली. गव्हर्नरचा वाडा, सैन्याचं ठाणं वगैरे नंतर. चार वर्षांत खरी सत्ता कुठं गेली होती हे त्यांना ठाऊक होतं. थोड्याच वेळात आंद्राशीच्या पत्राची बातमी वर्तमानपत्राच्या फलकावर झळकली आणि वेन्सेस्लास चौक माणसांनी भरला.

२९ ला क्रोएशियातल्या झाग्रेबनं संबंध तोडले. ३१ ला बुडापेस्टात क्रांती झाली, त्याच दिवशी तिसाला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. त्याच दिवशी कार्लनं आरमार दक्षिण स्लावांच्या परिषदेच्या हवाली केलं. त्यातली ध्वजनौका ‘विरिबुस उनितिस’ दुसऱ्या पहाटे पुला बंदरात पोहत आलेल्या इटालियन नौसैनिकांनी सुरुंग लावून बुडवली. नौकेनं मालक बदललाय हे त्यांना माहीतच नव्हतं. नौकेचं नाव म्हणजे फ्रान्झ योझेफचं ब्रीद: एकजुटीच्या बळावर. ११ नोव्हेंबरला कार्लनं राज्यकारभारातून अंग काढून घेतलं.

विचारणाऱ्यानं पुढं जोडलं होतं की मग नवी राष्ट्रं तरी एकभाषिक झाली का. नाही. एकट्या चेकोस्लोव्हाकियात तीस लाखांहून अधिक जर्मन होते. १९२० च्या त्रियानोन तहानं हंगेरीचा दोन-तृतीयांशाहून जास्त मुलूख गेला आणि तीस लाखांच्या आसपास मॅग्यार सीमेपलीकडे राहिले. आणि २८ ऑक्टोबरला प्रागमध्ये जो पहिला कायदा लिहिला गेला, त्यात एक कलम होतं की आजवरचे सगळे कायदे तूर्त चालू राहतील. गडबडीत अराजक नको, एवढाच हेतू. पण चेक भागात आजवरचे कायदे होते ऑस्ट्रियाचे आणि स्लोव्हाकियात हंगेरीचे. लग्न, वारसा, कर्ज यांचे दोन वेगवेगळे कायदे एकाच नव्या राष्ट्रात नांदत राहिले, आणि त्यांच्या जागी एकच दिवाणी संहिता आली ती १९५० मध्ये.